दुधाच्या नोंदी सकाळी कुठे जातात?

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे:

"आमच्या गावच्या दूध उत्पादक संघात मी दोन वर्षांपासून संकलनाच्या नोंदी ठेवते. सुमारे १८० उत्पादक आहेत. काहींची नावे मराठीत लिहिली जातात, काहींची कन्नडमध्ये. वहीतले काम कमी व्हावे म्हणून व्हिडिओ पाहत पाहत सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत विंडोज फॉर्म्सचा (खिडक्या आणि बटणे असलेला) एक लहान प्रोग्रॅम तयार केला. त्याची माहिती ॲक्सेस या डेटाबेसच्या फाइलमध्ये साठते. पण संध्याकाळी भरलेल्या नोंदी दुसऱ्या सकाळी प्रोग्रॅम चालवला की नाहीशा झालेल्या असतात. बॅकअपसाठी लिहिलेली पॉवरशेलची (विंडोजला द्यायच्या आज्ञांची) फाइल दोनदा क्लिक केली की नोटपॅडमध्ये उघडते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये लावली तर काम यशस्वी झाल्याचे दिसते आणि पेनड्राइव्ह मात्र रिकामाच असतो. नावांची यादी एक्सेलमध्ये उघडली की सगळीकडे प्रश्नचिन्हे येतात. माझ्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम संघाच्या संगणकावर उघडतो, पण 'प्रोव्हायडर नोंदलेला नाही' असे सांगून थांबतो. सगळ्यांची बिले एकदम काढायला गेले तर खिडकी पांढरी पडते. सचिव म्हणतात, वहीच बरी. मी कॉमर्स शिकलेली आहे. हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे का?"

पत्राच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: हे तुमच्या आवाक्यातले आहे. कोणती चूक केव्हा दिसते, काय केल्यावर दिसते आणि कोणत्या यंत्रावर दिसत नाही, हे तुम्ही नेमके लिहिले आहे, आणि दोष शोधण्याची निम्मी वाट तिथेच सरते. तुम्ही कळवलेल्या अडचणींपैकी एकही लिटर, फॅट आणि दराच्या हिशेबातली नाही. प्रोग्रॅम कोणत्या फाइलवर काम करतो, कोणत्या फोल्डरमध्ये उभा राहून करतो आणि कोणत्या लिपिसंकेतात (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) लिहितो, याविषयी तुमची समजूत एक आहे आणि विंडोजची दुसरी. बहुतेक सगळ्या तक्रारी या तफावतीतून आलेल्या आहेत. म्हणून कोडची एक ओळही बदलण्यापूर्वी ही समजूत तपासावी, असा आग्रह मी या उत्तरात पुन्हा पुन्हा धरणार आहे.

सर्वांत गंभीर तक्रार नाहीशा होणाऱ्या नोंदींची आहे, कारण तिच्यात लोकांच्या दुधाचे पैसे अडकलेले आहेत. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात, ॲक्सेसची फाइल जोडताना ती प्रकल्पात कॉपी करायची का असे विचारले जाते, आणि बहुतेक जण हो म्हणतात. त्यानंतर तुमच्याकडे एकाच नावाच्या दोन फाइली राहतात. एक प्रकल्पाच्या फोल्डरमधली मूळ प्रत, आणि दुसरी 'बिन' फोल्डरच्या आत 'डीबग' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाणारी चालू प्रत. तुम्ही भरलेल्या नोंदी या चालू प्रतीत जातात आणि तिथे व्यवस्थित साठतातही. मात्र त्या फाइलच्या गुणधर्मांत 'कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी' या ओळीसमोर 'कॉपी ऑलवेज' असे असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चालवण्यासाठी एफ-५ दाबताच मूळ, रिकामी प्रत चालू प्रतीवर येऊन बसते. रोज सकाळी कोणीतरी कालची वही उचलून नेऊन तिच्या जागी कोरी वही ठेवावी, तसे हे आहे. नोंद करणाऱ्याचा त्यात काहीच दोष नसतो.

हे माझे म्हणणे मान्य करण्यापूर्वी स्वतः पाहा. आज संध्याकाळच्या नोंदी भरून झाल्या की प्रोग्रॅम बंद करा आणि तो पुन्हा न चालवता फाइल एक्सप्लोररमधून 'बिन' आणि त्यातल्या 'डीबग'मध्ये जाऊन तिथली ॲक्सेसची फाइल उघडा. नोंदी तिथे असतील, तर पुढचे काही करण्याआधी त्या फाइलची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. त्याचबरोबर फॉर्मच्या तळाशी एक लेबल ठेवून त्यात प्रोग्रॅम ज्या फाइलशी जोडला आहे तिचा संपूर्ण पत्ता दाखवण्याची सवय लावून घ्या. हे लेबल वापरणाऱ्यालाही दिसू द्यावे. संघातून कोणी फोन करून "नोंद दिसत नाही" असे सांगितले, तर खाली काय लिहिले आहे ते वाचायला सांगता येते.

यावर व्हिडिओंमध्ये सहसा सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'कॉपी ऑलवेज' बदलून 'कॉपी इफ न्यूअर' करणे. तो अर्धाच उपाय आहे. एखाद्या दिवशी मूळ फाइल उघडून तुम्ही एखादा रकाना वाढवलात, की तिची तारीख पुढची होते आणि ती पुन्हा चालू प्रतीवर जाऊन बसते. लोकांची माहिती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये असूच नये. विंडोज प्रत्येक वापरकर्त्यासाठी 'लोकल ॲपडेटा' नावाचे फोल्डर राखून ठेवते, आणि सी-शार्पमध्ये एन्व्हायरन्मेंट वर्गाच्या गेटफोल्डरपाथ या पद्धतीने त्याचा पत्ता मिळतो. त्यात संघाच्या नावाचे फोल्डर करावे, प्रोग्रॅम प्रथम चालेल तेव्हा तिथे फाइल नसेल तरच कोरी फाइल नेऊन ठेवावी, आणि त्यानंतर प्रोग्रॅमने फक्त त्याच फाइलशी व्यवहार करावा. फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगी नसते आणि मग "ॲक्सेस डिनाइड"चा नवाच प्रश्न उभा राहतो. तो टाळण्यासाठी प्रोग्रॅम कायम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा असा सल्ला कोणी दिला, तर तो घेऊ नये.

या विषयावर मी इतका वेळ थांबलो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यासाठी हजेरीचा प्रोग्रॅम लिहिताना मी सलग दोन दिवस हिशेबाचे कोड तपासत बसलो होतो. बदल करायचो, चालवायचो, आणि आकडा तोच. अखेर फाइलचा पत्ता पडद्यावर छापला, तेव्हा प्रोग्रॅम महिन्यापूर्वीची प्रत वाचत असल्याचे दिसले. तेव्हापासून कोणताही प्रोग्रॅम लिहिताना पहिल्या दहा ओळींत मी तो पत्ता छापून घेतो.

संघाच्या संगणकावर येणारा 'प्रोव्हायडर नोंदलेला नाही' हा संदेश याच जातीचा आहे. ॲक्सेसची फाइल वाचण्यासाठी 'एस ओलेडीबी' नावाचा जो मध्यस्थ लागतो, तो तुमच्या लॅपटॉपवर ऑफिसबरोबर आलेला असणार. संघाच्या संगणकावर तो एकतर नाही, किंवा आहे पण वेगळ्या मापाचा आहे. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटचा मध्यस्थ वापरू शकत नाही, आणि उलटही नाही. संघाच्या संगणकावर वर्ड किंवा एक्सेल उघडून 'अकाउंट' आणि त्यातील 'अबाउट' येथे ऑफिस किती बिटचे आहे ते पाहावे, आणि प्रकल्पाच्या गुणधर्मांत 'एनी सीपीयू'ऐवजी त्याच मापाची निवड करावी. ऑफिसच नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे 'ॲक्सेस डेटाबेस इंजिन' विनामूल्य मिळते. तेही त्याच मापाचे घ्यावे. प्रोग्रॅम नेताना केवळ ईएक्सई फाइल न उचलता तिच्या शेजारच्या डीएलएल आणि कॉन्फिग फाइलींसह संपूर्ण फोल्डर न्यावे.

आता पॉवरशेल. दोनदा क्लिक केल्यावर फाइल नोटपॅडमध्ये उघडणे हा बिघाड नाही. नकळत क्लिक करून कोणाच्या हातून स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम तशी ठेवलेली आहे. तिच्यावर उजवे क्लिक करून 'रन विथ पॉवरशेल' निवडले तर ती चालू लागेल, पण पॉवरशेलच्या खिडकीतून चालवायला गेलात, तर स्क्रिप्ट चालवण्याविषयीचे घरगुती विंडोजवरील मूळ धोरण 'रिस्ट्रिक्टेड' असल्यामुळे बहुधा लाल अक्षरांत 'या यंत्रणेवर स्क्रिप्ट चालवणे बंद आहे' असा संदेश येईल. त्यावर सेट-एक्झिक्युशनपॉलिसी या आज्ञेने धोरण 'रिमोटसाइन्ड' करावे आणि त्याची व्याप्ती 'करंटयूझर' एवढीच ठेवावी. (आज्ञांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत, टाइप मात्र ती रोमन अक्षरांत करावयाची आहेत.) संपूर्ण यंत्रासाठी 'अनरिस्ट्रिक्टेड' करण्याची काहीही गरज नाही. 'रिमोटसाइन्ड' धोरणात तुम्ही स्वतः लिहिलेली फाइल चालते आणि इंटरनेटवरून आलेली, स्वाक्षरी नसलेली फाइल अडवली जाते. तुमचीच फाइल ई-मेलने संघाच्या संगणकावर पाठवल्यामुळे अडत असेल, तर तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये तळाशी 'अनब्लॉक'ची चौकट असते.

शेड्युलरने यश कळवूनही पेनड्राइव्ह रिकामा राहण्यामागे एकाहून अधिक कारणे असू शकतात. पहिले कारण उभे राहण्याच्या जागेचे. तुम्ही स्वतः स्क्रिप्ट चालवता तेव्हा ती तुमच्या फोल्डरमध्ये उभी असते. शेड्युलर चालवतो तेव्हा, 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा असेल तर, ती विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये उभी राहते आणि नुसत्या नावाने लिहिलेली फाइल तिला तिथे सापडत नाही. तो रकाना भरावा, पण त्यात अवतरणचिन्हे घालू नयेत, मग फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तरी. याउलट 'आर्ग्युमेंट्स'च्या रकान्यात स्क्रिप्टचा पत्ता अवतरणचिन्हांतच लिहावा लागतो. या दोन शेजारच्या रकान्यांचे नियम असे उलटे आहेत, आणि त्यात पुष्कळांची संध्याकाळ जाते. स्क्रिप्टच्या आत पत्ते लिहिताना पीएसस्क्रिप्टरूट हा चल वापरला, तर स्क्रिप्टला स्वतःचे घर सापडते आणि हा प्रश्नच मिटतो.

दुसरे कारण पेनड्राइव्हचे अक्षर. आज तो 'ई' असेल, उद्या कोणी दुसरा पेनड्राइव्ह आधी लावला तर 'एफ' होईल. पेनड्राइव्हला एक ठरावीक नाव द्यावे आणि गेट-व्हॉल्यूम या आज्ञेने त्या नावावरून अक्षर शोधून घ्यावे. आणि "यशस्वी" या शब्दावर विसंबू नये. शेड्युलरला एवढेच कळते की पॉवरशेल सुरू झाले आणि शून्य हा निकाल देऊन बंद झाले. मधली एखादी कॉपी फसली तरी निकाल शून्यच राहू शकतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एररॲक्शनप्रेफरन्स या चलाची किंमत 'स्टॉप' ठेवली की पहिल्या चुकीला स्क्रिप्ट थांबते आणि निकालही अपयशाचा येतो. स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट ही आज्ञा घातली तर काय घडले त्याची संपूर्ण नोंद फाइलमध्ये उतरते. कॉपी करताना तुमचा प्रोग्रॅम बंद असावा, कारण उघड्या ॲक्सेस फाइलची प्रत अर्धवट निघू शकते.

शिकवणीच्या जुन्या वह्यांत हीच कामे व्हीबीस्क्रिप्टमध्ये केलेली सापडतील. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती भाषा टप्प्याटप्प्याने काढून टाकणार असल्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे नवे काम तिच्यात सुरू करू नये.

प्रश्नचिन्हांचा मुद्दा मात्र आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. निपाणीपासून खानापूरपर्यंत एकाच यादीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही नावे असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि बाहेरच्या शिकवण्यांत तिचा विचार क्वचितच झालेला असतो. नाव बिघडलेले दिसले, तर ते कशा प्रकारे बिघडले आहे ते आधी नीट पाहावे. डोक्यावर चिन्हे असलेली विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील, तर माहिती शाबूत आहे आणि वाचणारा तिला चुकीच्या संकेताने वाचत आहे. रिकामे चौकोन दिसत असतील, तर फाँटमध्ये ती लिपी नाही. पण खरी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर लिहितानाच अक्षरे टाकून देऊन त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले आहे आणि त्या फाइलमधून ती परत मिळणार नाहीत. ॲक्सेसमधली मूळ नावे सुरक्षित असतील. यादी मात्र नव्याने काढावी लागेल.

तुमची यादी पॉवरशेलच्या एक्सपोर्ट-सीएसव्ही या आज्ञेने निघत असेल, तर दोष तिथेच आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ही आज्ञा, वेगळे काही सांगितले नाही तर, केवळ इंग्रजी अक्षरांपुरत्या आस्की संकेतात लिहिते. 'एन्कोडिंग' या पर्यायाला यूटीएफ-८ (सगळ्या लिपी लिहू शकणारा संकेत) द्यावे. ५.१ आवृत्ती त्याबरोबर फाइलच्या आरंभी 'बॉम' ही ओळखखूण घालते आणि तिच्यामुळे एक्सेललाही फाइल नीट ओळखता येते. पुढे पॉवरशेल ७ वापरलेत, तर तिथे मूळ संकेत यूटीएफ-८ असला तरी ही खूण नसते. ती वेगळी मागावी लागते. आणखी एक खाच अशी, की ज्या स्क्रिप्टमध्ये तुम्ही मराठी मजकूर लिहिला आहे ती स्क्रिप्टसुद्धा नोटपॅडमधून साठवताना 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडून साठवावी, नाहीतर ५.१ आवृत्ती तीच चुकीची वाचते. निकाल तपासताना काळ्या कन्सोलच्या खिडकीवर भरवसा ठेवू नये. तिथे देवनागरीच्या जोडाक्षरांची मोडतोड होते. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी.

संघाच्या जुन्या याद्या जुन्या 'नुडी' किंवा 'श्रीलिपी'सारख्या फाँटांत असतील, तर त्यांना हे काहीही लागू नाही. त्यांत अक्षरे इतर संकेतांची असून फाँटने त्यांना कन्नडचे किंवा मराठीचे रूप दिलेले असते, त्यामुळे फाँट बदलला की मजकूर निरर्थक होतो. सगळ्या लिपींसाठी असलेल्या यूनिकोड या समान संकेतात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींना प्रत्येकी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिलेला आहे. जुन्या याद्या परिवर्तकातून एकदाच यूनिकोडमध्ये आणाव्या आणि नंतर एकेक नाव डोळ्यांनी तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळता येत नाही.

नावांवरून उत्पादक शोधण्याची पद्धत मात्र आजच सोडून द्या आणि प्रत्येकाला सभासद क्रमांक द्या. 'कुऱ्हाडे' या आडनावातला 'ऱ्हा' दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही एकसारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. गावांच्या नावांचेही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या कागदांत इंग्रजी स्पेलिंग निराळे आहे, आणि आपण बोलताना अजून बेळगाव म्हणतो ते वेगळेच. गावासाठी मोकळा रकाना न ठेवता यादीतून निवडण्याची सोय ठेवावी.

याच संदर्भात एक चूक आधीच सांगून ठेवतो, कारण ती तुम्हाला हमखास भेटेल. मराठी कीबोर्ड चालू असताना फॅटच्या रकान्यात कोणी '४.२' असे देवनागरी अंकांत लिहिले, तर सी-शार्पची इझडिजिट ही तपासणी हे अंकच आहेत असे सांगते, पण संख्येत रूपांतर करणारी पार्स ही पद्धत चूक देऊन थांबते. म्हणून तपासणीसाठी ट्रायपार्स वापरावी आणि त्याआधी देवनागरी व कन्नड अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. दर आणि रक्कम 'डबल' या संख्याप्रकारात न ठेवता 'डेसिमल' या प्रकारात ठेवावी, कारण 'डबल'मध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ भरत नाही, आणि १८० बिलांच्या बेरजेत हा फरक पैशांच्या रूपाने दिसू शकतो.

खिडकी पांढरी पडण्याचे कारण सोपे आहे. बटणाच्या क्लिकमध्ये लिहिलेले काम आणि खिडकी रंगवण्याचे काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एकामागून एक, चालते, आणि सुमारे ५ सेकंद खिडकीने प्रतिसाद दिला नाही की विंडोज तिच्या शीर्षकात 'नॉट रिस्पाँडिंग' लिहिते. बिलांचा हिशेब टास्क-रन आणि अवेट यांच्या साहाय्याने वेगळ्या धाग्यावर न्यावा, आणि त्या वेगळ्या धाग्यावरून लेबल किंवा तक्त्याला थेट हात लावू नये. दाखवायचे ते सारे अवेटच्या पुढच्या ओळींत लिहावे. काम चालू असताना ते बटण बंद ठेवावे, नाहीतर वाट पाहून कंटाळलेला माणूस ते पुन्हा दाबतो आणि बिले दोनदा निघतात.

सचिवांचे म्हणणेही आदराने ऐका. पुढचा किमान एक महिना वही आणि प्रोग्रॅम दोन्ही सोबत चालवा, आणि प्रत्येक बिलाच्या वेळी दोन्हींची एकूण लिटर आणि एकूण रक्कम सचिवांसमोर जुळवा. त्या काळात एकदा बॅकअपचा पेनड्राइव्ह तुमच्या लॅपटॉपला लावून त्यातली फाइल तिथे उघडा, कोणत्याही एका उत्पादकाचे गेल्या आठवड्याचे बिल त्या प्रतीवरून काढा, आणि ते वहीतल्या पानाशी ताडून पाहा. ते जुळले की मला जरूर कळवा. जुळले नाही, तर फॉर्मच्या तळाशी दिसणारा फाइलचा पत्ता जसाच्या तसा पत्रात उतरवून पाठवा.